नोटीस देवापुढे पसरून ठेवा

एका भगिनीच्या पत्रातील मजकूर थोडक्यात असा: "माझे वय ४८. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे चार लूम आहेत. चौदा महिन्यांपूर्वी शुगरमुळे माझ्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असते. दोन लूम बंद पडले, कर्जाचे हप्ते थकले आणि आता बँकेची साठ दिवसांची नोटीस आली आहे. बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकांनी आसा राजाची गोष्ट सांगून, डॉक्टरांचा आधार सोडल्याशिवाय देव हात घालत नाही, म्हणून डायलिसिस थांबवा, दोघांनी तीन दिवस उपास करा आणि विश्वासाचे बीज म्हणून अकरा हजार रुपये पेरा, असे सांगितले. मी एक पाटली मोडून पैसे दिले. मिस्टरांनी एक डायलिसिस चुकवले. रात्री त्यांना एवढा दम लागला की पहाटे रिक्षाने दवाखान्यात न्यावे लागले. प्रचारक म्हणाले, ऐनवेळी तुमचा विश्वास डगमगला, नाहीतर चमत्कार झाला असता. मुलगी किडनी द्यायला तयार आहे, पण माझी छाती होत नाही. देवाला काहीच अशक्य नाही, हे मी संडे स्कूलपासून ऐकत आले. मग विश्वास ठेवायचा म्हणजे मी नेमके करायचे तरी काय?"

प्रिय भगिनी,

प्रभूमध्ये सलाम.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. बाकीचे सर्व सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट शब्दांत लिहिते, कारण तिच्यावर तुमच्या यजमानांचा जीव अवलंबून आहे: यापुढे डायलिसिसची एकही पाळी चुकवू नका. कोणी कितीही मोठ्या आवाजात प्रार्थना करणारा असो, कोणाच्याही हातून कितीही रोगी बरे झाल्याची साक्ष ऐकू येवो, ही पाळी चुकवायची नाही.

मी याच शहरात अनेक वर्षे नर्स म्हणून नोकरी केली आणि त्यातली शेवटची वर्षे डायलिसिसच्या वॉर्डात काढली, म्हणून त्या रात्री तुमच्या घरात काय घडले असेल ते मला डोळ्यांसमोर दिसते. किडन्या काम करीत नसल्या की प्यायलेले पाणी आणि अन्नातले पोटॅशियम शरीरातच साठत जाते आणि दोन पाळ्यांच्या मधल्या काळात जे साठते तेवढेच यंत्र काढून टाकते. पाळी चुकली की ते पाणी फुप्फुसात उतरते. माणूस आडवा झाला की त्याला बुडाल्यासारखे वाटते, तो उठून बसतो, खिडकीपाशी जातो, उशांचा ढीग करून टेकून बसतो. पोटॅशियम फार वाढले तर काही कळायच्या आत हृदय थांबू शकते. तेव्हा त्या रात्री डगमगला तो तुमचा विश्वास नव्हे. त्यांच्या छातीत पाणी भरले होते. आणि पहाटे रिक्षा शोधून तुम्ही त्यांना घेऊन गेलात, ते तुम्ही देवावरच्या विश्वासाच्या विरुद्ध केले असे मला मुळीच वाटत नाही. उपासाचेही तसेच. शुगरची औषधे चालू असलेल्या डायलिसिसच्या रोग्याने उपास धरू नये. तुम्हाला स्वतःला उपासप्रार्थना करायची असेल तर अवश्य करा, पण त्यांच्या ताटाची आणि गोळ्यांची वेळ चुकू देऊ नका. प्रार्थना केलेले पाणी कोणी बाटलीत भरून दिले तर तेही डॉक्टरांनी नेमून दिलेल्या दिवसभराच्या मापातच धरावे लागेल.

आता यहूदाच्या आसा राजाबद्दल. त्या प्रचारकांनी ज्या वचनाचा दाखला दिला ते शास्त्रात आहे, हे खरे. इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात, कारकिर्दीच्या एकोणचाळिसाव्या वर्षी आसाचे पाय दुखणाईत झाले आणि त्या आजारातही त्याने परमेश्वराला न शोधता वैद्यांना शोधले, असे लिहिले आहे. पण अध्याय तिथून सुरू होत नाही. आधी इस्राएलच्या राजाने चढाई केली, तेव्हा ह्याच आसाने परमेश्वराच्या मंदिरातले सोनेरुपे काढून अरामाच्या राजाला पाठवले आणि त्याची मदत विकत घेतली. हनानी द्रष्टा त्याला त्याबद्दल बोलला तेव्हा त्याने हनानीला तुरुंगात टाकले आणि प्रजेतल्या काही जणांवर जुलूम केला. देवाकडे जाण्याची वाट त्याने स्वतःच्या हाताने बुजवली होती, आणि पाय दुखू लागल्यावरही ती उकरून काढली नाही. त्याचा दोष तो होता. वैद्यांकडे जाणे हाच अपराध असता तर प्रेषित पौलाने कलस्सैकरांना लिहिताना लूकचा उल्लेख 'प्रिय वैद्य' असा केला नसता आणि आपला शिष्य तीमथ्य याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा असे लिहिले नसते. तुम्ही चौदा महिने दवाखान्याच्या बाकावर बसून प्रार्थना करीत आहात. आसाच्या गोष्टीत तुमची जागा कुठे आहे ते मला तरी सापडत नाही.

अकरा हजारांचे मला अधिक वाईट वाटले, आणि रागही आला, तो लपवत नाही. अरामाचा सेनापती नामान कुष्ठातून शुद्ध झाल्यावर भेटी घेऊन अलीशा संदेष्ट्याकडे परत आला, तेव्हा अलीशाने परमेश्वराची शपथ घेऊन एक कवडीही घेणार नाही म्हटले. मागाहून अलीशाचा चाकर गेहजी धावत गेला, खोटे बोलून दोन किक्कार (त्या काळचे एक मोठे वजन) रुपे आणि दोन पोशाख घेऊन आला, आणि नामानाचे कुष्ठ त्याच्या अंगाला लागले. देवाची कृपा फुकट मिळालेली असते, म्हणून ती फुकटच द्यायची असते. तुमच्या पाटलीबद्दल तुम्हाला लाज वाटण्याचे कारण नाही. बुडणारा माणूस समोर येईल ते लाकूड धरतो, आणि प्रभूला तुमचा तो हात दिसला असणार. मात्र यापुढे एक पैसाही देऊ नका, आणि झाला प्रकार तुमच्या पाळकसाहेबांना सविस्तर सांगा. शहरातल्या आणखी कोणाच्या घरी अशीच एखादी पाळी चुकायला नको.

तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. विश्वास ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे विचारणारे पत्र मला यापूर्वी फारसे कोणी लिहिले नव्हते. लोक बहुधा, माझा विश्वास वाढावा म्हणून प्रार्थना करा, एवढेच लिहितात. तुम्ही 'करायचे काय' असे विचारलेत, म्हणून मी तुम्हाला एका अशा माणसाकडे नेते ज्याने काय केले ते शास्त्रात बारकाईने लिहून ठेवले आहे.

यहूदाचा राजा हिज्कीया याच्यापुढे ख्रिस्तपूर्व ७०१ साली जे संकट उभे राहिले त्याला माणसाच्या हिशेबात उत्तरच नव्हते. अश्शूरचा राजा सन्हेरीब याने यहूदाची तटबंदीची नगरे एकामागून एक घेतली होती, लाखीशाला वेढा पडला होता आणि यरुशलेम तेवढे उरले होते. हिज्कीयाने आधी काय केले, हे आपण सभेत सहसा सांगत नाही. त्याने पैसे भरून सुटका करून घेण्याचा प्रयत्न केला. तीनशे किक्कार रुपे आणि तीस किक्कार सोने मागितले गेले, तेव्हा त्याने मंदिराच्या दारांना स्वतःच मढवलेले सोने खरवडून काढून पाठवले. तेवढ्याने सन्हेरीब मागे फिरला नाही. तेव्हा भगिनी, घाबरून पाटली मोडणारी तुम्ही पहिली नाही. ज्या राजाने मंदिराची दारे खरवडली त्याच राजाची प्रार्थना पुढच्याच अध्यायात देवाने ऐकली.

मग पत्र आले. तुमच्याकडे आले तसेच, अगदी जाणूनबुजून जरब बसवण्यासाठी लिहिलेले. ज्या देवावर तू भिस्त ठेवतोस त्याने तुला फसवू नये, अमुक राष्ट्राच्या देवाने त्याचे काय वाचवले, तमुक नगराचा राजा आज कोठे आहे, असा त्यातला मजकूर होता. हिज्कीयाने ते जासुदांच्या हातून घेतले, वाचले, परमेश्वराच्या मंदिरात नेले आणि परमेश्वरापुढे पसरून ठेवले. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय, चौदावे वचन. माझ्या वाचनात विश्वासाचे याहून साधे आणि याहून खरे वर्णन नाही. त्याने ते पत्र फाडले नाही, शत्रूचे शब्द उच्चारायचे नाहीत म्हणून दडवलेही नाही. पान उलगडून, सुरकुत्या सरळ करून, देवाला वाचता यावे असे ते ठेवले.

आणि त्याची प्रार्थना नीट वाचा. त्यात एक वाक्य असे आहे की, हे परमेश्वरा, अश्शूरच्या राजांनी ती राष्ट्रे आणि त्यांचे देश उजाड केले आहेत हे खरे. 'हे खरे' हे शब्द तुम्ही पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवावेत अशी माझी विनंती आहे. रोग नाहीच असे म्हणत राहा, रिपोर्ट खोटा आहे असे कबूल करा, तोंडातून आजाराचे नाव काढू नका, असली शिकवण हल्ली फार ऐकू येते, आणि तिने किती घरांत माणसे एकाकी झाली ते मी पाहिले आहे, कारण त्या घरात रोग्याला दुखते आहे हे म्हणण्याचीही सोय उरत नाही. हिज्कीयाने शत्रूच्या पत्रातला खरा भाग खरा म्हणून मान्य केला. तो मान्य करून झाल्यावर, तू मात्र जिवंत देव आहेस, आम्हाला सोडव, असे म्हटले. तुमच्या यजमानांचा क्रिएटिनिनचा, म्हणजे किडन्या किती काम करतात ते दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, आकडा देवापुढे सांगताना कमी करून सांगण्याची गरज नाही.

त्याच राजाने आणखी एक काम केले, आणि तेही शास्त्रातच आहे. वेढा पडणार हे कळल्यावर त्याने शहराबाहेरचे झरे बुजवले, तट दुरुस्त केला आणि गीहोन झऱ्याचे पाणी जमिनीखालून शहराच्या आत वळवले. तो बोगदा आजही यरुशलेमेत आहे. खडकातून खोदलेला, सुमारे ५३३ मीटर लांबीचा. १८८० साली त्यात एक कोरीव लेख सापडला. त्यात खोदणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे की, दोन टोळ्या दोन टोकांकडून खोदत आल्या आणि थोडेसेच अंतर उरले असताना खडकापलीकडून एकमेकांना हाक मारणाऱ्या माणसाचा आवाज ऐकू आला. काही दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्यासाठी रात्री जागणाऱ्या आपल्या सोलापूरकरांना त्या आवाजाने त्यांना काय वाटले असेल ते सांगायला नको. ज्याने मंदिरात पत्र पसरले त्याच्याच कारकिर्दीत हे पाणी आले. त्यामुळे बोगदा खणला म्हणजे देवावर भरवसा नव्हता, असे म्हणणाऱ्याने हे दोन अध्याय शेजारी ठेवून वाचलेले नाहीत, असेच मला वाटते.

पुढे हा राजा आजारी पडला, मरणाच्या दारी गेला, भिंतीकडे तोंड करून रडला. देवाने यशया संदेष्ट्याच्या तोंडून त्याच्या आयुष्यात पंधरा वर्षे वाढवल्याचे सांगितले. वचन मिळाले होते. तरीही यशयाने अंजिरांचे पोटीस आणायला सांगितले, ते गळवावर बांधले आणि तो बरा झाला. देवाने बरे करण्याचा शब्द दिला असतानाही अंजिरांना मनाई झाली नाही. तुमच्या यजमानांचे यंत्र, त्या दोन सुया आणि ते चार तास मी अंजिरांच्या जागी ठेवते. यंत्र लावणाऱ्या मुलांसाठीही प्रार्थना करीत जा. ती पहाटेपासून उभी असतात.

मात्र एक अवघड गोष्ट तुमच्यापासून लपवून ठेवली तर मी तुमच्याशी प्रामाणिक राहणार नाही. देवाला सर्व शक्य आहे हे प्रभूचे शब्द मार्कच्या दहाव्या अध्यायात आहेत, आणि ते एका धनवान माणसाच्या तारणाबद्दल बोलले गेले. त्यांचा अर्थ आपण मागू ते प्रत्येक वेळी मिळेलच असा होत नाही. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेले तरी रोगी बरे होत, असे प्रेषितांची कृत्ये सांगते, त्याच पौलाने शेवटच्या पत्रात, त्रफिमाला (आपल्या सोबत्याला) मी मिलेतात आजारी ठेवून आलो, असे लिहिले. त्याच्या स्वतःच्या शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली आणि माझी कृपा तुला पुरे आहे असे उत्तर त्याला मिळाले. पौलाचा विश्वास कमी पडला असे कोण म्हणेल? खुद्द प्रभूने गेथशेमानेत, बापा, तुला सर्व काही शक्य आहे, असे म्हणून प्याला दूर करण्याची विनंती केली, आणि त्याच श्वासात स्वतःची इच्छा बापाच्या हाती दिली. प्याला दूर झाला नाही. म्हणून मी तुम्हाला सांगते की अशक्य ते मागा, मोठ्याने मागा, रोज मागा; यजमानांच्या किडन्या पुन्हा चालू व्हाव्यात असे मागण्यात संकोच करू नका. पण उत्तर दुसऱ्या रूपाने आले तर ते तुमच्या विश्वासाचे गुणपत्रक समजू नका.

पुण्याकडे जाताना गाडी केडगाववरून जाते. तुम्ही हा प्रवास केला असेल. तिथे पंडिता रमाबाईंनी दुष्काळात उपाशी मरणाऱ्या शेकडो मुली आणि विधवा आणून सांभाळल्या. उद्या काय शिजवायचे हा प्रश्न रोजचा असताना ते घर प्रार्थनेवर आणि त्याचबरोबर शेती, विहिरी, विणकाम, छापखाना अशा रोजच्या कष्टांवर चालले. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आपल्या भाषेत पवित्र शास्त्राचे भाषांतर करीत राहिल्या. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा आईच्या आधी गेली. रमाबाई स्वतः ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या, आणि त्यांचे भाषांतर १९२४ साली छापून पूर्ण झाले. त्यांच्या डोळ्यांसमोर किती अशक्य गोष्टी शक्य झाल्या, आणि एक, जी आईला सर्वांत जवळची, ती झाली नाही. तुमच्या रात्रींत मला त्यांचीच आठवण होते, कारण मुलगी गेल्यावरही त्यांनी हातातले काम सोडले नाही.

विश्वास लहान असल्याचे तुम्हाला फार लागले आहे. चार जणांनी पक्षाघाती माणसाला खाटेवर घालून आणले, गर्दीमुळे आत जाता येईना तेव्हा छप्पर उसकटून खाली सोडले, तेव्हा येशूने कोणाचा विश्वास पाहिला? 'त्यांचा', असे मार्क लिहितो. खाटेवरच्या माणसाने त्या वेळी काय विश्वास धरला होता ते कोणी विचारलेही नाही. चौदा महिन्यांत तुम्ही थकला आहात. आता तुम्हाला खाटेवर पडून राहण्याची मुभा आहे. मात्र चार माणसे तुम्हाला मागावी लागतील, कारण मंडळीतल्या लोकांना काय हवे ते सांगितल्याखेरीज ते प्रार्थनेची विनंती लिहून घेतात आणि घरी जातात. उपासनेनंतर दारात उभ्या राहून नेमके सांगा. आठवड्यातून एक पाळी तरी यजमानांबरोबर दुसऱ्या कोणी जावे, म्हणजे तुम्ही लूमवर बसू शकाल. बँकेच्या कामात मुरलेल्या एखाद्याने तुमच्या नोटिशीचे उत्तर तपासून द्यावे. मुलीच्या परीक्षेच्या दिवसांत तिच्या जेवणाचा डबा कोणाच्या तरी घरून यावा. आणि चौथ्या माणसाने काहीच करू नये, फक्त तुमच्याशेजारी बसावे आणि तुम्ही देवावर रागावून बोललात तरी तुम्हाला उपदेश करू नये. याकोबाने सांगितल्याप्रमाणे मंडळीच्या वडिलांना घरी बोलावून तेल लावून प्रार्थना करवून घ्या. त्याला पैसे लागत नाहीत.

नोटीस अशी हातात धरून बसू नका. तारण ठेवलेल्या मालमत्तेवर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली आलेली ही साठ दिवसांची नोटीस असेल, तर त्या मुदतीत तुम्ही बँकेला लेखी म्हणणे देऊ शकता आणि बँकेला पंधरा दिवसांत त्याचे उत्तर कळवावे लागते. डायलिसिसचे कागद जोडा, दोन लूमचे उत्पन्न किती आणि हप्ता किती झेपेल ते आकड्यांत लिहा, हप्ते वाढवून मिळावेत किंवा एकरकमी तडजोड व्हावी अशी मागणी करा, आणि पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. डायलिसिसचे पैसे दर वेळी खिशातून जात असतील, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचे नाव बसते का ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड घेऊन जाऊन विचारा. ज्या दिवशी बँकेत जाल त्या दिवशी पहाटे ती नोटीस स्वयंपाकघरातल्या ओट्यावर किंवा पलंगावर, जिथे तुम्ही गुडघे टेकता तिथे, उलगडून ठेवा आणि देवाला वाचून दाखवा. मोठ्याने, तारीख आणि रकमेसह.

मुलीबद्दल तुम्हाला जी भीती वाटते ती आईची भीती आहे. तिला अविश्वास म्हणू नका. कायद्याने मुलगी, पत्नी, भावंडे अशी जवळची माणसे किडनी देऊ शकतात, आणि तुमची स्वतःची तपासणी झाली नसेल तर आधी ती करा, रक्तगट जुळत नसला तरी अदलाबदलीच्या प्रत्यारोपणाची सोय आहे का ते विचारा. घरात शुगर असल्याने मुलीची तपासणी डॉक्टर अधिक कसोशीने करतील. तिला बाजूला घेऊन, एकटीला, मनापासून तयार आहेस का असेही विचारतील. शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाईपर्यंत तिला नाही म्हणता येते, हे तिला तुमच्या तोंडून कळू द्या. देव तुझ्याकडून हे मागतो आहे असे तिला कोणी म्हणू नये, तुम्हीही नाही, आणि तिने स्वखुशीने पुढे केलेला हात देवाच्या नावाने मागेही ढकलू नये. दरम्यान मेंदू मृत झालेल्या दात्याकडून किडनी मिळण्यासाठीच्या यादीत यजमानांचे नाव नोंदवण्याबद्दल तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टशी, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांशी, बोला. ती वाट लांबची आहे, पण नाव नोंदवल्याशिवाय ती सुरूच होत नाही.

शेवटी एक लहानशी गोष्ट, नर्सची सवय म्हणून. यजमानांच्या हातावर फिश्चुला, म्हणजे डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, असेल. रोज सकाळी त्यावर हलकेच बोटे ठेवली की आत एक थरथर लागते, धमनीतले रक्त जोराने शिरेत जाते तिची. लूम चालू असताना फ्रेमवर हात ठेवला तर जशी लागते तशीच, फक्त बारीक. तुम्ही विणकराच्या घरातल्या आहात, ती तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. तिथेच बोटे ठेवून रोजची प्रार्थना करा, दोघांनी मिळून, डोळे मिटून. थरथर लागली तर आभार माना. नाही लागली तर प्रार्थना रिक्षात करा, आधी डायलिसिस विभागाला फोन लावा.

तुमची प्रभूतील भगिनी